उन्हाळी

तापी आमच्या खानदेशातून वाहत सुरतेला येते. तिच्याच वाटेनं, भुसावळ-सुरत लाईनीनं, जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं आली आणि लिंबायत, उधना, डिंडोलीत रुजली. इथल्या दुपारी मागांच्या खडखडाटात बुडालेल्या असतात. बाया दारात बसून साड्यांना टिकल्या लावतात, धागे कापतात. मुली रिंगरोडच्या मार्केटात कामाला जातात. गुलाबी, मोरपंखी, लिंबोणी थप्प्यांत दिवसभर उभ्या. संध्याकाळी परततात तेव्हा कितीतरी जणींच्या पिशवीतली पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच असते.

प्यायचं कशाला? मग जायचं कुठं? मजल्यावरचं बाथरूम पुरुषांच्या वर्दळीतलं, कडी मोडकी.

मेच्या उकाड्यात मग उन्हाळी लागते. थेंब थेंब, आग, उठलं की पुन्हा कळ. घरात धन्या-जिऱ्याचं पाणी होतं. ते प्यावंच, पण त्यानं जंतू मरत नाहीत. बाईची मूत्रनळी जेमतेम चार सेंटिमीटरची, आतड्यातला ई. कोलाय तेवढी वाट सहज चढतो. लघवीबरोबर तो धुतला जातो, आणि दाबून धरली की त्याला मुक्काम मिळतो.

दुसरं गाऱ्हाणं मोरीपाशीच, हळू आवाजात: “मावशी, अंगावरून पांढरं जातं.” लगेच कुणीतरी म्हणतं, हाडं विरघळतात. नाही हो विरघळत! वयात आलेल्या शरीराला हा ओलावा असतोच. पाळीच्या मधल्या दिवसांत नितळ, तार धरणारा. पुढं दाट, दुधी. दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंद तिथं नांदतात, आंबटपणा राखतात आणि परक्यांना थारा देत नाहीत. शरीराची ही गुपचूप घरकामं मला फार लोभस वाटतात. सुगंधी वॉशनं आत धुणाऱ्या मुली नेमक्या या राखणदारांनाच हाकलतात.

बिघडलं की रूप बदलतं. पांढऱ्या गुठळ्या नि जीव नकोसा करणारी खाज ही बहुधा बुरशी. राखाडी, पातळ, मासळीच्या वासाचं असेल तर जंतूंचा तोल ढळलेला. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो; त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. जळजळीचंही तसंच. ती आत होते, की लघवी बाहेरच्या सोललेल्या कातडीला लागल्यावर? औषध यावर फिरतं. मेडिकलवाला हे विचारत नाही, पुडीत दोन गोळ्या बांधून देतो.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. शहरात आलो म्हणून तपासून घ्यायची लाज गाडीतून उतरून गेली, असं मला वाटत नाही.

पोरींनो, थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत कळ, ओटीपोटात दुखणं, किंवा दिवस राहिलेले असताना जळजळ, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. महापालिकेचं स्मीमेर लिंबायतहून लांब नाही. लघवीची तपासणी आधी, गोळी नंतर. आणि मार्केटातल्या शेठ मंडळींनो, बायकांसाठी आतून कडी लागेल आणि नळाला पाणी असेल, असं बाथरूम प्रत्येक मजल्यावर ठेवा.