उपरण्याखालचा भाव

बाप बैल विकतो. कथेच्या आराखड्यात या प्रसंगाला एवढंच वाक्य होतं. पटकथेत त्याची दोन-अडीच पानं करायची होती, म्हणजे पडद्यावरची साधारण तेवढीच मिनिटं. दिग्दर्शकाला तिथे बापाच्या तोंडी मोठा संवाद हवा होता. दुष्काळ, सोसायटीचं कर्ज, लेकरासारखा वाढवलेला बैल, सगळं त्यात यावं. मला ते पटत नव्हतं. असं जनावर विकायला आलेला माणूस भर बाजारात त्याबद्दल बोलतो का, हे आधी बघायला हवं होतं. म्हणून मामांबरोबर सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात गेले.

खिल्लार बघताना नजर आधी शिंगांकडे जाते. मी ठरवून माणसांच्या हातांकडे बघत होते. गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघतं. बैल दुसा आहे, चौसा आहे की जुळलाय, यावरून वय कळतं. मग चार पावलं चालवून बघणं, खांद्यावर थाप. त्यानंतर हेड्याने, म्हणजे जनावरांच्या दलालाने, स्वतःच्या आणि विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातांवर उपरणं टाकलं आणि त्याखाली बोटं धरली. किती बोटं धरली यावरून आकडा कळतो. तो शेकड्यातला की हजारातला, हे दोघांनाही न बोलता ठाऊक असतं. मग तेच उपरणं गिऱ्हाइकाच्या हातावर. आता उघड भाव बोलणारेही पुष्कळ आहेत, पण जुन्या माणसांनी उपरणं सोडलेलं नाही.

हे चालू असताना तोंडं गप्प नव्हती.

"पान्याचं कसं हाय तुमच्याकडं?"

"वढा आटलाय."

"थोरलीचं जमलं का?"

"बघतोय की."

आणि 'बघतोय की' म्हणता म्हणता म्हाताऱ्याने हात झटकन बाहेर ओढला. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "आकडा खाली आला, बाय."

मला हवा होता तो सीन समोर उभा होता. माणूस ज्यासाठी आलाय ते सोडून बाकी सगळं बोलतो. त्याची निकड हातात उतरते, उत्तर द्यायला लागलेल्या वेळात उतरते. लिहिणाऱ्याला मात्र ती निकड नेमकी माहीत हवी. घरी येऊन मी आधी संवाद लिहिलेच नाहीत. कोणाला काय हवंय तेवढं लिहिलं. बापाला आजच्या आज विकायचाय, कारण वैरण संपलीय. हेड्याला दलालीशी मतलब. गिऱ्हाइकाला घाई नाही, आणि हे बापाला कळलंय. टेम्पोतून उतरणं, बाजाराची गर्दी, रामराम, हे सगळं गाळलं आणि सीन थेट उपरण्यावर सुरू केला.

शेजारी बापाचा मुलगा उभा केला. त्याची उंची एवढी की उपरण्याच्या खालून त्याला बोटं दिसतात. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. हेडी विचारतो, "पोरगं कितवीला?" बाप म्हणतो, "चौथीला." आणि खाली हेड्याने तीनच बोटं धरलेली असतात. मुलाला आकडे येतात, त्यामुळे प्रेक्षकालाही सौदा कळतो.

वाचून दाखवल्यावर दिग्दर्शकाने विचारलं, "पण बापाला वाईट वाटतंय हे कळणार कसं?" प्रश्न रास्त होता. मी 'फँड्री' चित्रपटाची आठवण काढली. डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी थांबतं आणि डुक्कर समोरून निसटतं. नागराज मंजुळेंनी तिथे कोणाच्याही तोंडी एक शब्द घातलेला नाही, आणि त्या कुटुंबाची सगळी कोंडी दिसते. शब्दांचंही तसंच. 1975च्या 'सामना'त विजय तेंडुलकरांचा मास्तर हिंदुराव पाटलाला एकाच माणसाबद्दल पुन्हा पुन्हा विचारत राहतो. प्रश्न तोच, पण दर वेळी विचारण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून तो जड होत जातो. तशी जागा मिळाली तर साधं वाक्यही पुरतं.

आमच्या सीनमध्ये ती जागा सौद्यानंतर आली. इसार दिला जातो, गिऱ्हाईक बैल न्यायला वळतं, तेव्हा बाप पुढे होऊन म्हणतो, "कासरा आमचा हाय." आणि सोडून घेतो. बाजारात त्या म्हाताऱ्याला मी हे करताना पाहिलं होतं. अख्ख्या सीनमध्ये बाप आपल्या बैलाबद्दल एवढंच बोलतो. या वाक्याला मी कोणालाही हात लावू दिलेला नाही.

बाकीचं मामांनी तपासलं. मी मोठ्याने वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. समोरच्याचं नाव दर वाक्यात आलं की हात वर करायचे. जोडवाक्य आलं की म्हणायचे, "एवढं एका दमात कोन बोलतं?" त्यांनी काढायला लावलेली वाक्यं बहुतेक अशी होती, की ती प्रेक्षकाला माहिती पुरवण्यासाठी लिहिलेली होती, बाजारातल्या कोणाला त्यांची गरज नव्हती. माणदेशी हेल कागदावर उतरवण्यापेक्षा ही काटछाट जास्त उपयोगाची ठरली. हेल नट आणतोच, पण फालतू वाक्य तो वाचवू शकत नाही.

दिग्दर्शकाने सीन ठेवला. आता पुढचा लिहितेय. बाप आणि मुलगा रात्री घरी येतात, गोठ्यात एकच बैल उरलाय, आणि आईला किती आले ते विचारायचंय. ती सासूसमोर पैशाचं विचारणार नाही, हे नक्की. मुलगा आकडा जाणतो, हे तिला अजून माहीत नाही. त्यामुळे पहिलं वाक्य बहुधा त्याच्याशी असेल, आणि ते जेवणाबद्दल असेल.