सोडता येईल असाच पतंग



माझी धाकटी समुद्रावर काईटबोर्डिंग शिकते आहे हे कळल्यापासून तुमच्यापैकी कित्येकींनी दोनच प्रश्न विचारले. हे नक्की असते तरी काय, आणि याला खर्च किती येतो? काहींच्या घरी मुलामुलींनी असाच हट्ट धरला आहे, हेही कळले. म्हणून आज स्वयंपाकघर आणि व्रतवैकल्ये बाजूला ठेवून यावर लिहिते. तशी व्रते यात येतीलच.

काईटबोर्डिंगमध्ये पायाखाली दीडेक हात रुंद नव्हे, चांगली हातभरच रुंद अशी फळी असते आणि डोक्यावर आठ-दहा चौरस मीटरचा मोठा कापडी पतंग. पतंगाच्या पुढच्या कडेत हवा भरलेली नळी असते, त्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उचलता येतो. ही हवा भरायची कल्पना फ्रान्समधल्या ब्रूनो आणि दोमिनिक लगेन्यू या दोन भावांची, १९८४ सालची. पतंगाच्या दोऱ्या हातातल्या दांड्याला असतात, त्याला बार म्हणतात. खरा ओढा मात्र हातावर नसतो, कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्यावर असतो. तो हार्नेस. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, त्याच्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या.

लेक चेन्नईला नोकरी करते. तिथून रात्रीच्या गाडीने रामेश्वरमच्या बाजूला जाता येते. तिकडे उथळ, सपाट पाणी आहे आणि वाराही नेमाने वाहतो. आठ-दहा तासांचा प्राथमिक वर्ग तिने केला. शिकताना सगळे सामान शाळेचेच असते. त्यामुळे पहिला सल्ला हाच, की शिकण्याआधी एक रुपयाचेही सामान घेऊ नका. आपल्याला ते जमते का, आवडते का, आपल्या वजनाला कोणता पतंग लागतो, हे वर्ग झाल्याशिवाय कळत नाही. आधी घेतलेले सामान बहुतेक वेळा चुकीच्या मापाचे निघते.

वर्ग संपल्यावर तिने फोन केला, "आई, आता स्वतःचं घ्यायचंय." नवा सगळा संच दोन लाखांच्या पुढे जात होता. आमच्या ह्यांनी मुकाट्याने माझ्याकडे पाहिले. मी तिला म्हटले, "आधी परिमाण कर, मग दुकान बघ."

परिग्रह परिमाण आपण जमीन, सोने, भांडी, कपडे यांचे करतो. खेळाच्या सामानाचे का करू नये? तिने वहीत लिहिले: पतंग एक, बार एक, फळी एक, हार्नेस एक, हेल्मेट एक, तरंगायला मदत करणारे जॅकेट एक, पंप एक. एकूण खर्च एक लाखाच्या आत, आणि तोही तिच्या स्वतःच्या बचतीतून. या यादीत नवी वस्तू घालायची असेल तर जुनी काढायची.

एकच पतंग ठेवायचा म्हटल्यावर तो कोणत्या मापाचा, हा प्रश्न आला. जोराच्या वाऱ्याला लहान पतंग लागतो आणि मंद वाऱ्याला मोठा, म्हणून नेहमी खेळणारे दोन-तीन पतंग बाळगतात. इथे आपल्या चातुर्मासाने निर्णय सोपा केला. रामेश्वरमला वाऱ्याचे दोन हंगाम असतात. एक नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा, उन्हाळा-पावसाळ्यातला आणि जास्त जोराचा. दुसरा ईशान्य वाऱ्याचा, साधारण डिसेंबर ते मार्च, त्या मानाने सौम्य. चातुर्मासात ती प्रवास आणि करमणूक आवरते, पर्युषणात घरी येते. म्हणजे पहिल्या हंगामाचा मोठा भाग आपोआप वजा झाला. राहिला हिवाळा. तिचे वजन ५४ किलो, हिवाळ्यातला वारा बरेच दिवस १५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या जवळपास. शिकवणाऱ्यांनी ९ चौरस मीटर सांगितला. वारा त्याहून फार कमी असेल त्या दिवशी किनाऱ्यावर बसायचे आणि जोराचा असेल तरीही बसायचे. दुसरा पतंग घेण्यापेक्षा हे बसणे स्वस्त पडते.

आता जुने काय घ्यायचे आणि नवे काय. आम्ही ठरवले, की जी वस्तू ओढते किंवा तरंगते ती जुनी चालेल. जी वस्तू जीव वाचवते ती नवीच हवी.

फळी जुनी घेतली. पहिल्यांदा घेणाऱ्याने थोडी मोठी घ्यावी म्हणजे कमी वाऱ्यातही उभे राहता येते. तिच्यासाठी १३८ सेंटीमीटर लांबीची मिळाली. फळीला भेग नाही ना, कडा उकललेल्या नाहीत ना, पाय अडकवायचे पट्टे आणि त्यांचे स्क्रू घट्ट आहेत ना, एवढे पाहिले की झाले. कुठेही चामडे नाही, हे मी वेगळे विचारून घेतले. पट्टे आणि हार्नेस सगळे कृत्रिम धाग्याचे आणि फोमचे असते.

जुना पतंग घेताना मात्र साडी घेताना पाहतो तसे पाहावे लागते. कापड उजेडासमोर धरून बारीक भोके शोधायची. हातात चुरगाळून पाहायचे. चांगले कापड नव्या कागदासारखे करकरते, उन्हाने मेलेले कापड जुन्या मलमलीसारखे मऊ पडते. मऊ असेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नये. शिवणी तपासायच्या. मग हवा घट्ट भरून दोन-तीन तास तसाच ठेवायचा. सायकलच्या ट्यूबसारखाच आत फुगा असतो, हळू गळती असेल तर एवढ्या वेळात कळते. शाळा हंगामाच्या शेवटी आपले पतंग विकतात. ते स्वस्त असतात, पण रोज वाळूत घासलेले असतात, त्यामुळे ही तपासणी तिथे जास्त नीट करायची. बारच्या चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून बार ओढायचा. बार तिरका झाला तर दोऱ्या कमीजास्त ताणल्या गेल्या आहेत असे समजायचे.

एका विक्रेत्याने अगदी पंधरा हजारांत पतंग देऊ केला होता. फोटोत नवाकोरा दिसत होता. लेकीने साल विचारले तर तो २००४ च्या सुमाराचा निघाला. त्या काळच्या पतंगांचा ओढा बार लांब ढकलून आजच्याइतका कमी करता येत नसे. बार सोडला की जोर बराच ओसरावा अशी रचना २००५ च्या सुमारास रूढ होऊ लागली. इतके जुने सामान शिकाऱ्याने फुकट मिळाले तरी घेऊ नये. आम्ही नको म्हणून कळवले.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू सगळ्यात लहान आहे. हार्नेसला बार जिथे अडकतो तिथे एक कळ असते. तिला क्विक रिलीज म्हणतात. ती ढकलली की पतंग एकाच दोरीवर राहतो आणि त्याचा जोर जातो. तरीही तो ओढतच असेल तर त्या शेवटच्या दोरीलाही वेगळी कळ असते. ती ओढली की पतंग कायमचा सुटून जातो. २०२० साली या कळीसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. लेकीने जुन्या बारवर हा भाग त्याच कंपनीचा नवा बसवून घेतला आणि दोऱ्याही नव्या घातल्या.

सामान घरी आले तेव्हा मी तिला हॉलमध्ये हार्नेस घालायला लावला. बारला बांधलेली दोरी ह्यांनी जीव लावून ओढली आणि मी म्हटले, "सोड." पहिल्यांदा तिचा हात चाचपडला. पुन्हा केले. डोळे मिटून केले, डाव्या हाताने केले. वीस वेळा झाल्यावर मी थांबले. मग तिने सांगितले ते माझ्या मनात बसले आहे. शिकवणारे म्हणतात, कळ कशी ओढायची हे सगळ्यांना येते, पण वेळेवर ओढत नाहीत. पतंग वाहून जाईल, फाटेल, एवढे पैसे घातलेत, या विचारात दोन क्षण जातात आणि तेवढ्यात माणूस दगडावर नाहीतर झाडावर आपटतो.

आपल्याकडे वस्तूला नव्हे, वस्तूच्या आसक्तीला परिग्रह म्हटले आहे. हे प्रवचनात शंभर वेळा ऐकले होते. पण ती आसक्ती दोन क्षणांत जीव घेऊ शकते हे असे समोर कधी आले नव्हते. त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले, की पहिला पतंग स्वस्त असावा तो फक्त घरखर्चाला सोसावा म्हणून नव्हे. तो गेला तर मनाला लागू नये, इतक्याच किमतीचा असावा. हात कळीवर जाताना हिशेब आठवला, तर तो पतंग आपल्याला महाग आहे.

आता पक्ष्यांचे. संक्रांतीला मांजाने कापलेले पक्षी आपण पाहिलेले आहेत, दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातल्या पक्ष्यांच्या रुग्णालयाविषयीही ऐकलेले आहे. त्यामुळे पतंग म्हटले की आपल्या पोटात गोळा येतोच. या पतंगाच्या दोऱ्यांना काचेचा लेप नसतो, त्या कापण्यासाठी नसतात. लांबी वीस-चोवीस मीटर आणि संख्या चार, त्यामुळे तुटून झाडावर लटकत राहण्याचा प्रकार संक्रांतीसारखा होत नाही. पण दोरी बारीक आणि फार मजबूत असते, ताणलेली असताना माणसाचे बोटही कापू शकते. धनुषकोडीच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. थवा दिसला की त्या दिशेला जायचे नाही, हा नियम लेकीने स्वतःहून वहीत लिहिला.

सासूबाईंचा प्रश्न याहून अवघड होता. त्यांचे वय ८१, सामायिक अजून चुकत नाही. त्या म्हणाल्या, "बाळ, न्हाण्यासाठी पाणी लागतं, पिण्यासाठी लागतं. कारण नसताना पाणी ढवळायचं हा अनर्थदंड नव्हे का?" पाणी आणि वारा दोन्हींत जीव मानणाऱ्या घरात हा प्रश्न टाळता येत नाही. लेकीने वाद घातला नाही. ती म्हणाली, "आजी, वर्षातून बारा दिवस. त्याच्यावर एकही नाही." सासूबाई गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मग दिशेचंही बांधून घे." दिग्व्रत त्यांच्या डोक्यात होते. गंमत अशी, की या खेळाचा मूळ नियमही तोच आहे: जिथून पोहत परत येता येईल तेवढेच आत जायचे. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचेच नाही. तिने तीनशे मीटरची मर्यादा घेतली. सासूबाईंचा मूळ प्रश्न एवढ्याने सुटला असे मी म्हणणार नाही. आम्ही गृहस्थ आहोत, व्रत अंशानेच पाळतो, आणि तो अंश तरी मोजून पाळावा एवढेच मला कळते.

खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी: जुना पतंग आणि बार ४०,०००, नवी कळ आणि दोऱ्या २०,०००, जुनी फळी १४,०००, नवा हार्नेस १२,०००, जॅकेट ६,०००, हेल्मेट ३,५००, जुना पंप २,५००. एकूण ९८,०००. हार्नेस आणि हेल्मेट अंगावर घालून पाहूनच घ्या, दुसऱ्याच्या मापाचे उपयोगाचे नाही. उरलेले दोन हजार तिने फुगा दुरुस्तीच्या पट्ट्यांसाठी ठेवले.

निगा आपल्याला शिकवायला नको. वापरून झाले की अर्ध्या बादली गोड्या पाण्यात कळ आणि बार बुडवून वाळू काढायची, कारण वाळूने कळ अडकते. पतंग सावलीत पूर्ण वाळवूनच घडी घालायचा. ओला ठेवला तर बुरशी धरते, आणि जीवोत्पत्तीचा दोष वेगळाच. उन्हात पसरून ठेवू नये, कापड लवकर मरते. सूर्यास्ताआधी जेवायचे म्हणून ती चारलाच पाण्यातून बाहेर येते, त्यामुळे सामान उजेडीच धुऊन वाळते.

फेब्रुवारीत एकदा वारा अचानक वाढला तेव्हा तिने कळ ओढली. पतंग एका दोरीवर पडला, ती चालत किनाऱ्यावर आली, पाणी कमरेइतकेच होते. संध्याकाळी फोनवर तिने हे भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले. मी विचारले, पतंगाला काही झाले का? ती म्हणाली, "बघितलंच नाही गं अजून."

तुमच्या घरी कुणी असा हट्ट धरला असेल तर नको म्हणण्याआधी वही पुढे ठेवा आणि परिमाण लिहायला सांगा. लिहून झाल्यावरही हट्ट राहिला, तर हॉलमध्ये वीस वेळा कळ ओढून घ्या.

जय जिनेंद्र.