पेडगावचा ताळेबंद

निवृत्तीनंतर खेड्यात थोडी जमीन घेऊन राहावे, हा विचार २०२० च्या टाळेबंदीत मनात रुजला. दूध, भाजी, पाणी, सारेच दुसऱ्याच्या हाती असल्याची जाणीव तेव्हा तीव्रतेने झाली. त्याच शोधात गेल्या मे महिन्यात सौभाग्यवतींसह परभणी तालुक्यातील पेडगावी गेलो. शेतीकर्ज देताना जमीन उन्हाळ्यातच पाहावी, असा माझा नोकरीतला नियम होता. श्रावणात प्रत्येक शेत तारण घेण्याजोगे दिसते!

पेडगावची जमेची बाजू भक्कम आहे. मनमाड–परभणी लोहमार्गावर गावाचे स्वतःचे स्थानक आहे. परभणीची बाजारपेठ, जिल्हा रुग्णालय आणि १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ जवळच आहे. काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीची ज्वारी पिकते. मात्र हीच माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया जपून घालावा लागतो.

नावेच्या बाजूला पहिली नोंद पाण्याची. येथील बेसाल्ट खडकात पाणी झिजलेल्या थरात व फटींत साठते. बोअर कितीही खोल नेली तरी खात्री नाही. १९७२ चा दुष्काळ मराठवाडा विसरलेला नाही आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून मी हिशोब मांडला : हजार चौरस फुटांच्या छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तरी सुमारे ४६ हजार लिटर पाणी मिळते. त्यातले निम्मे वाया गेले तरी दोघांचे पिणे आणि स्वयंपाक वर्षभर भागतो.

धान्याचाही हिशोब सोपा आहे. दोन माणसांना वर्षाला तीन क्विंटल पुरे. ते कडक उन्हात वाळवून ठेवावे, म्हणजे कीड होत नाही आणि जीवहिंसाही टळते. त्यापलीकडे कोठार भरणे हा परिग्रहच.

परतताना पारावर बसलेल्या एका आजींनी विचारले, "साहेब, जमीन घेऊन ठिवता, का राहायला येता?" मी निरुत्तर झालो. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळे. परंतु पाच वर्षे तेथे राहून ती कसल्यावरच मालकी लाभे. आजींचा प्रश्न तोच होता.

सौभाग्यवतींना दम्याचा त्रास आहे. "रात्री दम लागला, तर हाक कोणाला मारायची?" त्या गाडीत म्हणाल्या. छपराच्या आणि धान्याच्या हिशोबात याचे उत्तर नव्हते. संकटात धावून येणारा शेजार विकत मिळत नाही. तो सहवासाने जोडावा लागतो.

तेव्हा खरेदीखत तूर्त स्थगित. येत्या मृगापासून वर्षभर पेडगावात भाड्याच्या घरात राहायचे ठरविले आहे. पुढचा मे महिना तेथेच काढू. मग जमिनीचे पाहू.