विजेवर घर तापवायचं?

मॅसॅच्युसेट्समध्ये घर शोधणारं कुणी मराठी भेटलं की माझा सल्ला ठरलेला असे: विजेवर तापणारं घर घेऊ नका. गीझर पाच मिनिटं जास्त चालू राहिला तर बोलणी खावी लागत, अशा पुण्याच्या घरात वाढलो, त्याचाही तो परिणाम असेल. आमच्या रस्त्यावर गॅसची पाइपलाइन नाही. तळघरात २७५ गॅलनची तेलाची टाकी आणि शेजारी बॉयलर.

पण माझ्याकडे हिशेबही होता. गॅलनभर तेलात सुमारे १,३८,५०० बीटीयू उष्णता असते. त्यातली १५ टक्के धुराड्यातून गेली, तरी उरलेली उष्णता भिंतीलगतच्या साध्या इलेक्ट्रिक हीटरमधून मिळवायला ३४ युनिटं जाळावी लागतात. युनिट ३० सेंटचं धरलं तर दहा डॉलर. तेल चार डॉलर गॅलन झालं तरी वाद मिटला! प्रोपेनवाल्यांनाही मी हेच ऐकवायचो: गॅलनचा दर काय बघता, त्यात उष्णता तेलाच्या दोन-तृतीयांशच.

हे गणित आजही खरं आहे. फक्त त्यात हीट पंप नव्हता. हा पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत आणून सोडतो. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसंच. बाहेर शून्य अंशाच्या आसपास असेल तर एका युनिट विजेत साधारण पावणेतीन युनिटांची उष्णता मिळते. चौतीसच्या जागी साडेबारा युनिटं. दहा डॉलरचे पावणेचार.

म्हणजे तेलाच्या बरोबरीत. बरोबरीतच, हे मुद्दाम सांगतो, कारण पंप विकणारे सांगत नाहीत. युक्रेन युद्धानंतर, २०२२ मध्ये, तेल पाच डॉलरच्या वर गेलं तेव्हा मी डळमळलो खरा. पण त्या हिवाळ्यात वीजही कडाडली, कारण न्यू इंग्लंडमधली जवळपास निम्मी वीज नैसर्गिक वायूवरच तयार होते. शेवटी पारडं झुकलं ते उन्हाळ्यामुळे. तोच पंप जुलैत एसी होतो, आणि दरवर्षी खिडकीत ती धुडं चढवायची कटकट गेली.

बॉयलर मात्र काढलेला नाही. पारा उणे पंधराकडे गेला की पंपाचा दम कमी होतो, मग तेलच परवडतं. आणि ज्यांच्या दारात गॅसची लाइन आहे, त्यांना पंप बसवा म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. तेवढ्याच उष्णतेला त्यांना सव्वा थर्म वायू पुरतो, आणि तो बहुधा माझ्या दोन्ही पर्यायांपेक्षा स्वस्त पडतो.