शेकरूची शेपटी

माझी भाची काय काम करते, असं कुणी विचारलं की माझ्या धाकट्या बहिणीची पंचाईत होते. "खेळणी करते" म्हटलं तर लोकांना वाटतं, दिवाळीच्या प्रदर्शनात टेबल मांडत असेल. "डिझायनर आहे" म्हटलं तर पुढचा प्रश्न हमखास कपड्यांचा येतो. खरं म्हणजे ती मऊ कापडी प्राणी बेतते. कारखान्यात जे हजारांनी शिवले जातात, त्यांचा पहिला नमुना तिच्या हातचा असतो. नोकरी नाही, फ्रीलान्स. काम आलं तर पैसे. मी निवृत्त मराठीचा मास्तर. माझा या धंद्याशी संबंध एवढाच की प्राण्यांची नावं ती मला विचारते. पण त्या निमित्ताने जे पाहिलं, ते सांगावंसं वाटलं.

दोन सारखे तुकडे कापले, शिवले, आत कापूस भरला की झालं अस्वल, असा माझा समज होता. तिने मला तसं करून दाखवलं. चपटा पापलेट झाला! डोकं गोल व्हायचं तर नाकापासून मानेपर्यंत मधे एक पट्टी घालावी लागते, सदऱ्याला कळी घालतात तशी. या पट्टीची रुंदी जरा वाढली की कोल्ह्याचं अस्वल होतं. शिवाय कापडाला लव असते. प्रत्येक तुकड्यावर बाण काढून लवेची दिशा दाखवायची, नाहीतर एक कान दुसऱ्यापेक्षा काळपट दिसतो. आणि हे सगळं उलट्या बाजूने शिवायचं. सुलटवून भरेपर्यंत आपण काय केलंय ते कळत नाही. शाळेत मुलांना निबंध लिहायला देऊन वाट पाहायचो, तसंच काहीसं!

काही वर्षांपूर्वी तिने शेकरू करायला घेतलं. आपल्या महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. भीमाशंकरच्या जंगलात ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, त्याची शेपटी अंगाइतकीच लांब, किंवा जास्तच. खेळण्यात नेमकी तीच नडली. भरली की शेकरू मागे कलंडायचं, रिकामी ठेवली की मेलेल्या उंदरासारखी लोंबायची. पाच नमुने झाले. शेवटी शेपटीत अगदी हलका कापूस आणि बुडाशी प्लॅस्टिकच्या दाण्यांची शिवलेली पुरचुंडी, असा तोडगा निघाला. तिने मला विचारलं, "मामा, मुलं याला कुठे धरतील?" म्हटलं, बाई गं, शेपटीलाच. मुलं पोटाला धरत नाहीत. कान, पाय, शेपूट, जे लोंबतं ते धरून फरफटत नेतात. मग तिने शेपटीच्या मुळाशी दुहेरी शिवण घातली. डोळे प्लॅस्टिकचे न लावता दोऱ्याने भरले. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक चाचणीचं नळकांडं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. सुटून आलेला तुकडा त्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो, म्हणून खेळणं नापास. भरतकामाचे डोळे सुटण्याचा प्रश्नच नाही. नाव मी दिलं, 'झुपक्या'.

एका छोट्या कारखानदाराने झुपक्या काढला. दर नगामागे थोडी रक्कम भाचीला, असा करार. पहिले ५०० नग चांगले खपले. पुढच्या वर्षी बाजारात दुसऱ्याच कुणीतरी केलेलं शेकरू आलं. तीच कळी, तीच बसण्याची ढब, किंमत निम्मी. तिने एक विकत आणून माझ्या हातात दिलं. डोळे मण्यांचे, चिकटवलेले. शेपटी मी जरा जोर लावून ओढली, तर हातात आली. आमच्या कारखानदाराने पुढची ऑर्डर थांबवली आणि भाचीचे पैसेही थांबले.

ती वकिलाकडे गेली तेव्हा जे कळलं ते मला नवीन होतं. माझी समजूत अशी की जो काढतो, त्याचा हक्क. कविता लिहिली की ती कवीचीच. पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १५ आहे. नोंदवण्याजोगं डिझाइन नोंदवलं नसेल आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर त्याच्या ५० हून जास्त वस्तू निघाल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. झुपक्याचे तर ५०० निघाले होते! नोंदणी करायची ती २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली. मग दहा वर्षं संरक्षण, वर पाच वर्षं वाढवून मिळतात. मात्र अर्ज करण्याआधी ते जगाला दाखवलेलं नसावं. झुपक्याला ती वाट बंद झाली होती.

हे दुखणं जुनंच आहे. जर्मनीतल्या गींगेन गावची मार्गारेटे श्टाइफ, पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीत बसून शिवणकाम करणारी बाई. १८८० साली तिने टाचण्या खोचायचे फेल्टचे छोटे हत्ती केले. पोरांनी ते खेळायला पळवले आणि त्यातून कारखाना उभा राहिला. तिच्या भाच्याने, रिचर्डने, १९०२ साली हातपाय हलणारं अस्वल बेतलं. मग नकला आल्या. अस्सल माल ओळखू यावा म्हणून १९०४ पासून खेळण्याच्या कानात धातूचं बटण बसवायला लागले, ते आजही असतं. इंग्लंडची बिअ‍ॅट्रिक्स पॉटर आणखी सावध. 'पीटर रॅबिट'च्या या लेखिकेने सशाची बाहुली स्वतः शिवली आणि २८ डिसेंबर १९०३ ला लंडनच्या पेटंट कार्यालयात नोंदवली.

नकली शेकरूवर बीआयएसचं चिन्ह नव्हतं. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. नातवंडांना खेळणं घेताना ते बघा, आणि शेपूट ओढून बघा. दुकानदार रागावला तर रागावू दे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आमच्या झुपक्याच्या पट्टीवर कारखान्याचं नाव होतं, मी दिलेलं नावही होतं. जिने पाच वेळा शेपटी उसवली, तिचं नव्हतं. तिला हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "मामा, नाव नको, पुढच्या वेळी नोंदणीचा नंबर असला म्हणजे झालं."

पुढचा प्राणी तयार आहे. त्याचं बारसंही मीच केलंय. कोणता, ते मात्र अर्ज जाईपर्यंत इथे लिहायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे.