जेद्दाची एक जागती रात्र

जेद्दा म्हटले की आपल्याकडे हज-उमऱ्याचे विमान आठवते, नाहीतर नोकरीला गेलेला एखादा चुलतभाऊ. बास्केटबॉल कुणाला आठवत नाही. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये आशिया चषकाचे सामने इथेच, किंग अब्दुल्ला स्पोर्ट्स सिटीत झाले आणि आमच्या फिलिपिनो शेजारणीला दुसरा विषयच सुचेना. ती मिंडानाओची, मुस्लिम, पेशाने नर्स. १२ तारखेला फिलिपिन्सची गाठ यजमान सौदीशी होती. हरेल तो स्पर्धेबाहेर. आमचीही तिकिटे तिनेच काढली.

हॉलमध्ये शिरलो आणि यजमान कोण तेच कळेना! सौदी कुटुंबे मुलांना घेऊन आली होती, त्यांचे हिरवे झेंडेही होते. पण आवाज फिलिपिनोंचा. दिवसभर गाडी चालवणारे, दुकानात उभे राहणारे, दुसऱ्यांची मुले सांभाळणारे हे लोक. एरवी किती हळू बोलतात! इथे 'पिलिपिनास, पिलिपिनास' अशी गर्जना चालली होती. उंचीचा हा खेळ बेताच्या उंचीच्या या लोकांनी इतका का जवळ केला? अमेरिकनांनी तो त्यांच्या राज्यात तिथे नेला, आणि १९५४ च्या जागतिक स्पर्धेत फिलिपिन्सने कांस्यपदकही मिळवले. गावाकडे नारळाच्या झाडाला कडे ठोकून पोरे खेळतात, असे शेजारीण सांगत होती.

माझी नजर मात्र सारखी प्रेक्षकांतल्या बायकांकडे जात होती. सौदीत बायकांना फुटबॉलचा सामना स्टेडियममध्ये बसून पाहण्याची मुभा मिळाली ती जानेवारी २०१८ मध्ये, आणि तो पहिला सामना याच संकुलातल्या मोठ्या स्टेडियमवर झाला. खेळणाऱ्या मुलींची अडचण वेगळी होती. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमात डोके झाकायला मनाई होती. २०१४ च्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींनी हिजाब उतरवण्याऐवजी सामना सोडला. २०१७ मध्ये नियम बदलला. हे मी आमच्या यांना आधीही सांगितले होते. लेक सातवीत आहे, शाळेच्या संघात जायचे म्हणते, आणि घरात तो विषय 'पुढच्या वर्षी बघू' वर अडकलेला.

चार क्वार्टर संपले तेव्हा गुण बरोबरीत! मग पाच मिनिटांचा जादा वेळ. शेजारणीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. फिलिपिन्स ९५, सौदी ८८. मागच्या रांगेतला एक मध्यमवयीन माणूस हुंदके देऊन रडत होता, आणि पुढे बसलेल्या सौदी आजोबांनी वळून त्याच्याशी हात मिळवला. मला ते फार आवडले.

गाडीत लेक पेंगत होती. हे बराच वेळ गप्प होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आरशात तिच्याकडे बघत म्हणाले, "तुमच्या शाळेचा सराव सुटतो किती वाजता?"