डिंभ आणि बुडी

'लार्व्हा' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ भूत किंवा मुखवटा. अठराव्या शतकात लिनिअसने तो कीटकांच्या अळीसाठी योजला. पुढे प्रकट होणारे खरे रूप या अवस्थेत मुखवट्याआड दडलेले असते, अशी त्यामागची कल्पना. मराठी परिभाषेने त्यासाठी 'डिंभ' हा संस्कृत शब्द स्वीकारला. संस्कृत कोशांत डिंभ म्हणजे शिशू, आणि डिंभ म्हणजे अजाण, मूर्ख असाही. दोन्ही शब्दांचा सूर एकच आहे: समोर आहे ते अजून काहीच नव्हे, जे व्हायचे ते पुढे होईल.

काही वर्षांपूर्वी प्राणिशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाची मराठी परिभाषा तपासण्याचे काम माझ्याकडे आले. भाषाविज्ञानाच्या माणसाने शब्द पाहावेत, आशयात शिरू नये, अशी अपेक्षा होती. पण मत्स्यडिंभाची व्याख्या वाचताना 'पाण्याबरोबर निष्क्रियपणे वाहणारी अवस्था' या शब्दांपाशी मी अडलो. 'निष्क्रिय' हे निरीक्षण आहे की नावातून आलेला ग्रह, हे मला जाणून घ्यावेसे वाटले, आणि त्या ओढीने मी माझ्या विषयापासून बराच दूर गेलो.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर हेरिंग आणि कॉड हे मासे एखाद्या वर्षी उदंड मिळत, एखाद्या वर्षी जाळी रिकामी परतत. मासे दुसरीकडे निघून गेले, असे तेव्हाचे स्पष्टीकरण होते. योहान यॉर्ट या शास्त्रज्ञाने १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते नाकारले. माशांच्या खवल्यांवर वर्षागणिक उमटणारी वलये मोजून वये काढली, तेव्हा असे आढळले की १९०४ साली जन्मलेली हेरिंगची एकच पिढी पुढे कित्येक वर्षे कोळ्यांची जाळी भरत होती. मासे कुठे गेले नव्हते आणि कुठून आलेही नव्हते. त्या एका वर्षी डिंभ मोठ्या संख्येने जगले होते, इतकेच. कॉडची मादी लाखांनी अंडी घालते. अंड्यातून आणलेली बलकाची शिदोरी संपते आणि डिंभाला पहिला घास स्वतः मिळवावा लागतो, ते थोडे दिवस साऱ्या पिढीचे भवितव्य ठरवीत असावेत, असे यॉर्टचे अनुमान होते. त्यावर पुढे शतकभर वाद झाले. परंतु ज्याला भूत म्हटले होते, त्याच्यावर एका देशाची भाकरी अवलंबून आहे, हे त्याने दाखवून दिले.

तरीही 'निष्क्रिय' हा शिक्का पुसला गेला नाही, आणि माझ्या मते त्याला आणखी एक शब्द कारणीभूत आहे. १८८७ साली व्हिक्टर हेन्सेन याने समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना 'प्लँक्टन' हे नाव दिले. त्याच्या मुळाशी भटकण्याचा अर्थ असलेला ग्रीक शब्द आहे. आपण त्याला 'प्लवक' म्हणतो. मत्स्यडिंभ प्लवकांच्या जाळ्यात सापडतात, म्हणून ते प्लवक ठरले. प्लवक ठरले, म्हणून वाहतात असे मानले गेले. वाहतात, म्हणून प्रवाहाचे गणित मांडले की त्यांचा ठावठिकाणा कळेल, असा हिशेब सुरू झाला. पुढे ऑस्ट्रेलियात जेफ्री लाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी परंतु कष्टाची गोष्ट केली. पाणबुड्यांनी समुद्रात एकेक डिंभ सोडला आणि त्याच्या मागोमाग पोहत तो कुठे जातो हे पाहिले. अनेक डिंभ विशिष्ट दिशा धरून, भोवतालच्या प्रवाहाहून अधिक वेगाने पोहत होते. स्टोबुट्झ्की आणि बेलवुड या संशोधकांनी १९९७ साली प्रवाळभित्तीवर स्थिरावण्याच्या बेतात असलेल्या डिंभांना सेकंदाला १३.५ सेंटिमीटर वेगाच्या कृत्रिम प्रवाहात ठेवले. काही जातींचे डिंभ त्या प्रवाहाविरुद्ध अन्नावाचून कित्येक दिवस पोहत राहिले. बोटाच्या पेराएवढ्या जीवाने कापलेले अंतर डझनावारी किलोमीटर भरले.

हे मी आमच्या अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रात सांगत होतो. विषय अर्थात 'शब्द आणि वस्तू' हा होता. मासेमारीच्या तलावांवर आपल्याकडे 'मत्स्यजिरे' आणि 'बोटुकली' असे सुंदर शब्द आहेत, एकात जिऱ्याचा आकार, दुसऱ्यात बोटाचा, असे म्हणून मी आकारावरून पडलेल्या नावांकडे वळलो. तेव्हा एक कोळी विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, आकारावर जाऊ नका. जवळा बघून शहरातली माणसं म्हणतात, कोळंबीची पिल्लं आहेत. पण जवळा मोठा झाला तरी जवळाच राहतो." तिचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. जवळा ही पूर्ण वाढलेल्या जीवाची वेगळीच जात आहे. डिंभाच्या बाबतीत आपण चालू असलेले जीवन पाहायला विसरतो. जवळ्याच्या बाबतीत पूर्ण झालेल्या जीवनाला अपुरे समजतो. या विद्यार्थिनीने आठवीनंतर शाळा सोडली होती, आणि शाळेच्या दप्तरी तिची नोंद 'गळती' या सदरात होती. हाही एक पारिभाषिक शब्दच. तपासलेली परिभाषा परत पाठवताना 'डिंभ' मी तसाच ठेवला, 'निष्क्रियपणे' काढावे अशी टीप जोडली.

त्याच पुस्तकात सीलवर एक लहानसे प्रकरण होते. हा प्राणी आपल्या किनाऱ्यावर नाही, त्यामुळे मराठीला त्यासाठी घरचा शब्दही नाही. 'सील' म्हटले की आपल्याला लाखेची मोहोर किंवा नगरपालिकेने टाळे ठोकलेले दुकान आठवते. अंटार्क्टिकातील वेडेल सीलचे नाव तर जेम्स वेडेल या सीलच्याच शिकाऱ्यावरून पडले. बर्फावर पडलेला हा चारपाचशे किलोंचा प्राणी सुस्तपणाची मूर्ती वाटतो. १९६० च्या दशकात जेराल्ड कूयमन या तरुण संशोधकाने स्वयंपाकघरातल्या गजराच्या घड्याळाच्या यंत्रणेतून एक उपकरण बनविले आणि ते सीलच्या पाठीवर बसविले. दुसरे भोक जवळपास नसलेल्या ठिकाणी बर्फात भोक पाडायचे, सीलला तिथून पाण्यात सोडायचे, आणि वाट पाहायची. श्वासासाठी त्याला त्याच भोकाशी परतावे लागे. परतताना तो आपल्या बुडीची नोंद घेऊन येई. १९६६ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे होते: खोली ६०० मीटर, कालावधी ४३ मिनिटे २० सेकंद. बुडी मारण्यापूर्वी सील श्वास भरून घेत नाही, उलट सोडून देतो. त्याचा प्राणवायू मुख्यतः रक्तात आणि स्नायूंत साठवलेला असतो. पुढे १९९९ साली रँडल डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी सीलच्या डोक्यावर बसविलेल्या कॅमेऱ्याची दृश्ये प्रसिद्ध केली. त्यांत सील बर्फाच्या फटीत नाकातून हवेचे बुडबुडे सोडून लपलेल्या माशांना बाहेर काढताना दिसतो.

माझ्या विषयातही असे एक 'घड्याळ' आहे. 'इन्फंट' या शब्दाचा लॅटिन अर्थ 'न बोलणारा'. न बोलणाऱ्याला भाषेतले काय कळणार, हे गृहीतच होते. १९७१ साली पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी एक महिन्याच्या आणि चार महिन्यांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याचा वेग मोजला. एकच ध्वनी पुनःपुन्हा ऐकून बाळ कंटाळे, वेग मंदावे. 'बा' च्या जागी 'पा' आला की तो पुन्हा वाढे. उच्चाराच्या कित्येक महिने आधी ध्वनींतला भेद त्यांना उमगत होता. विचारण्याची सोय नव्हती, तेव्हा मोजमाप त्या जीवाच्याच हाती, खरे तर ओठी, दिले गेले. पाणबुडे डिंभामागे पोहत गेले तेही याच न्यायाने.

सील आणि डिंभ ही दोन प्रकरणे पुस्तकात दूर दूर होती. अंटार्क्टिकात ती एकाच बर्फाखाली आहेत. तेरा नोव्हा उपसागरात इटालियन संशोधकांना या शतकाच्या आरंभी समुद्रबर्फाखालच्या स्फटिकांच्या थरात रुपेरी माशाची अंडी सापडली. त्यांत भ्रूण वाढत होते. सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे डिंभ तिथेच बाहेर पडतात. जे वाचतात ते मोठे होऊन वेडेल सीलचे भक्ष्य होतात. सील श्वासाचे भोक मोकळे ठेवण्यासाठी बर्फ दातांनी खरवडत राहतो. त्यात त्याचे दात झिजतात, आणि दात झिजले की त्याचे दिवसही थोडेच उरतात.